वही कुणी धरायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फक्त मुलांच्या शाळांविषयी आपल्या वाचकपत्रांत चाललेला वाद गेले काही दिवस वाचतो आहे. एका गृहस्थांचं म्हणणं, असल्या शाळा मोडीत काढून सगळीकडे सहशिक्षण सुरू करावं, म्हणजे मुलगे आपोआप सुधारतील. दुसऱ्या एका बाईंनी सुचवलं आहे की वर्षातून एकदा बाहेरून तज्ज्ञ बोलावून ‘स्त्रियांचा आदर’ या विषयावर मुलांना व्याख्यान द्यावं. मी मुलांच्या शाळेत शिकलो आणि पुढे एकोणतीस वर्षं मुलांच्याच शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. त्यामुळे दोन्ही उपायांवर मला काही म्हणायचं आहे. पत्र लांबलं आहे. कात्री लावावी लागली तर अभ्यासकांचे आकडे कापा, प्रयोगशाळेचा भाग तेवढा ठेवा.

सुरुवात स्वतःपासून करतो. शाळेत माझ्या वर्गात, बाकावर, मैदानावर एकही मुलगी नव्हती. घरात बहीण नाही. कॉलेजात पहिल्याच प्रात्यक्षिकाला हजेरीपटाप्रमाणे जोड्या लावल्या आणि माझी जोडीदार एक मुलगी निघाली. वर्षभरात आम्ही दोघांनी मिळून अठरा प्रयोग केले. त्यात मी तिच्याशी किती बोललो असेन? आकडे वगळले तर पंधरा-वीस वाक्यं. तिने स्टॉपवॉच मागितलं की मी ते तिच्या हातात न देता टेबलावर ठेवायचो, मग ती ते उचलायची. मला वाटायचं, आपण फार सभ्यपणे वागतो आहोत. वर्ष संपताना तिने सरांना सांगून जोडीदार बदलून मागितला. कारण मला तिसऱ्याकडून कळलं: ‘त्याला माझ्याबरोबर काम करणं कमीपणाचं वाटतं.’

कमीपणा कसला! माझ्या तळहाताला घाम सुटायचा. पण घाम तिला कुठून दिसणार? तिला दिसायचं ते टेबलावर ठेवलेलं स्टॉपवॉच.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी बिचारा ठरेन. ती माझी जोडीदार एवढ्यावरून माझे मित्र तिला ‘वहिनी’ म्हणायचे. तिच्यासमोर नव्हे, बाहेरच्या जिन्यात. आणि मी हसायचो. हसलो नसतो तर ते माझ्यावर हसले असते. समोर घाबरणारा आणि मागे थट्टेत सामील होणारा मुलगा एकच असतो, हे मला त्या वयात उमगलं नव्हतं. पुढे शिक्षक म्हणून शेकडो मुलांत मला तोच मुलगा दिसला.

हाँगकाँगमधल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात फक्त मुलांच्या किंवा फक्त मुलींच्या आणि सहशिक्षणाच्या शाळांतल्या विद्यार्थ्यांची तुलना आहे. मुलामुलींच्या वेगळ्या शाळांत शिकलेल्यांना आपण मुलगा आहोत, समोरची मुलगी आहे, याचं भान सतत अधिक असतं. एकमेकांत वावरताना धास्ती जास्त असते आणि मैत्री कमी असते, असं त्यात आढळलं. ब्रिटनमध्ये मार्च १९५८ मधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास आहे. त्यातल्या मुलांच्या शाळांत शिकलेल्या पुरुषांत बेचाळिसाव्या वर्षापर्यंत घटस्फोटाचं किंवा विभक्त होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा थोडं जास्त दिसलं. शाळेमुळे संसार मोडले असं मी म्हणणार नाही. दोन राशी एकाच वेळी बदलल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे मीच मुलांना शिकवत आलो. पण तळहाताच्या घामाची आठवण असलेल्या माणसाला हे वाचून नवलही वाटत नाही.

आणि वेगळ्या शाळांत अभ्यास चांगला होतो म्हणावं, तर तेही फारसं खरं नाही. २०१४ साली २१ देशांतले १८४ अभ्यास, सुमारे १६ लाख विद्यार्थी, असं सगळं एकत्र तपासून संशोधकांनी सांगितलं की वेगळ्या शिक्षणाचा म्हणण्यासारखा फायदा दिसत नाही.

म्हणजे पहिल्या पत्रलेखकांचं बरोबर? अर्धंच. इंग्लंडमधल्या बहुसंख्य शाळा सहशिक्षणाच्या आहेत. तिथल्या ऑफस्टेड या शाळा-तपासणी संस्थेने २०२१ मध्ये ३२ शाळा-कॉलेजांत जाऊन नऊशेहून अधिक मुलामुलींशी बोलून अहवाल लिहिला. छेडछाड, नको असलेली छायाचित्रं पाठवणं, मागणं, पसरवणं हे इतकं रोजचं झालं आहे की तक्रार करण्यात मुलींना काही अर्थच वाटत नाही, असं त्यात आहे. शिक्षकांना मात्र आपल्या शाळेत हे किती चालतं याचा पुरता अंदाज नव्हता. तेव्हा एका वर्गात दोन रांगा बसवल्या की काम झालं, असं नाही. शिवाय मुलांच्या शाळा आज आहेत, उद्याही असतील. आत्ता आठवीत बसलेल्या मुलाचं काय करायचं, हा प्रश्न शाळा मोडेपर्यंत थांबत नाही.

आता आमच्या शाळेत आम्ही काय केलं ते. आधी चुकलेलं सांगतो.

जवळच्या मुलींच्या शाळेशी ‘संबंध वाढवावेत’ म्हणून आम्ही संयुक्त वादविवाद स्पर्धा ठेवली. विषय निवडणाऱ्यांत मीही होतो, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही. विषय होता, ‘मुलगे अधिक हुशार की मुली?’ सभागृहात मधल्या वाटेच्या डावीकडे मुलगे, उजवीकडे मुली. पहिल्या वक्त्यापासून शिट्ट्या. आमच्या एका मुलाने मुलींच्या वाहन चालवण्यावर विनोद केला, टाळ्या पडल्या. मग मुलींकडूनही सव्याज परतफेड झाली. शेवटी बक्षीस समारंभ, गटाचं छायाचित्र, आणि मुलं घरी. एकाही मुलाने एकाही मुलीशी एक साधं वाक्य बोललेलं मी पाहिलं नाही. आम्ही शिक्षक मात्र ‘कार्यक्रम रंगला’ म्हणत होतो.

पुढे कधीतरी मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाच्या १९५४ मधल्या प्रयोगाविषयी वाचलं आणि ते सभागृह आठवलं. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात, रॉबर्स केव्ह नावाच्या उद्यानात त्यांनी अकराएक वर्षांच्या बावीस मुलांचं शिबिर भरवलं. दोन गट केले, स्पर्धा लावल्या, आणि थोड्याच दिवसांत गटांमध्ये वैर पेटलं. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला. काही उपयोग झाला नाही, उलट भांडायला नवी जागा मिळाली. वैर निवळलं ते शिबिराचं पाणी बंद पडलं आणि सगळ्यांना मिळून बिघाड शोधावा लागला तेव्हा. ट्रक अडला आणि सगळ्यांना एकाच दोराने तो ओढावा लागला तेव्हा. बिघाड प्रयोगवाल्यांनीच घडवले होते. मुलांना अंधारात ठेवून असला खेळ करायला आज कुणी परवानगी देणार नाही, द्यायलाही नको. पण एकत्र बसणं वेगळं आणि एकत्र राबणं वेगळं, हे त्यातून दिसलं ते दिसलंच.

आमच्याकडे असा बिघाड न घडवता घडला. मुलींच्या शाळेच्या प्रयोगशाळेचं छत गळायला लागलं आणि दुरुस्ती लांबली. त्यांच्या मुख्याध्यापिकांनी विचारलं, नववीच्या मुलींची प्रात्यक्षिकं तुमच्याकडे होतील का? वेळापत्रकात स्वतंत्र तास बसेना. उपकरणं मोजकी, तेव्हा आमचे आणि त्यांचे विद्यार्थी एकाच तासाला घ्यावे लागले. कुणाचा काही उदात्त हेतू नव्हता. नाइलाज होता. ते चौदा आठवडे मी माझ्या नोकरीतले सगळ्यांत शिकवणारे आठवडे मानतो. शिकवणारे म्हणजे मला शिकवणारे.

जोड्या मी आडनावाच्या अक्षराप्रमाणे लावल्या. निवडीला वाव ठेवला असता तर ‘याने हिलाच का निवडलं’ याचीच चर्चा महिनाभर चालली असती.

पहिला प्रयोग साध्या लंबकाचा. एकाने दोरीला बांधलेला गोळा सोडायचा आणि वीस आंदोलनं मोजायची, दुसऱ्याने स्टॉपवॉच चालवायचं, वेळ निरीक्षणवहीत लिहायची. एक मीटर लांबीला वीस आंदोलनांना चाळीस सेकंदांच्या आसपास लागतात. मुलं मोजताना चुकली की लगेच कळतं. पहिल्या दिवशी मी टेबलांमधून फिरलो आणि थबकलो. अकरा टेबलं. अकराही ठिकाणी लंबक मुलाच्या हातात आणि वही मुलीच्या हातात! कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या मुलांनी उपकरणांना हात घातला होता, मुलींनी पेनाची टोपणं काढली होती. एका टेबलावर तर मुलगी काही सुचवायला गेली तेव्हा आमच्या चिरंजीवांनी तिच्याकडे न बघता ‘तू फक्त लिही’ असं फर्मावलं. दुष्टपणाने नव्हे. त्याला ते तसंच असतं असं वाटत होतं.

मी वर्ग थांबवून भाषण दिलं नाही. (इच्छा फार झाली होती.) दुसऱ्या आठवड्यापासून फळ्यावर एक नियम लिहिला: दर निरीक्षणानंतर वही आणि उपकरण यांची अदलाबदल. कारण विचारलं तर सांगायचो की वैयक्तिक त्रुटी सरासरीत जावी म्हणून. ते खोटं नव्हतं; दोघांच्या बोटांचा स्टॉपवॉचवरचा उशीर वेगवेगळा असतोच.

त्या एका नियमाने जे झालं ते मी तीस व्याख्यानांनी करू शकलो नसतो. वही हातात आली की मुलाला ऐकावं लागायचं, कारण आकडा ती सांगणार. उपकरण तिच्या हातात असताना त्याला वाट पाहावी लागायची. हिसकावून घेता येत नव्हतं, कारण मी फिरत होतो. तिने मोजलेल्या आकड्यावर त्याच्या प्रयोगाचे गुण अवलंबून होते. पहिले तीन आठवडे कुजबूज, लाजणं, माझ्या कॉलेजातल्यासारखं टेबलावर वस्तू ठेवणं. चौथ्या आठवड्यात पहिलं खणखणीत भांडण झालं, आणि मला बरं वाटलं.

प्रयोग होता व्हर्नियर कॅलिपरचा, म्हणजे लहान लांबी बारकाईने मोजायच्या उपकरणाचा. कॅलिपरच्या दोन जबड्यांमध्ये काही न धरताही ते शून्यावर जुळत नसेल, तर त्याला शून्य त्रुटी म्हणतात. ती आधी पाहून प्रत्येक मापातून वजा करावी लागते. आमचा एक मुलगा माझ्याकडे तक्रार घेऊन आला: ‘सर, ती ऐकतच नाही. सगळी मापं परत घ्यायची म्हणते.’ मी विचारलं, का म्हणते? ‘म्हणते शून्य त्रुटी पाहिली नाही.’ पाहिली होती का? गप्प. मग हळूच, ‘नाही सर.’ मी म्हटलं, मग भांडण संपलं की. तो म्हणाला, ‘पण ती बरोबर आहे हे तिला कसं सांगू?’

हा प्रश्न मी आजवर विसरलेलो नाही. चौदा वर्षांच्या मुलाला मुलीसमोर ‘तुझं बरोबर आहे’ हे तीन शब्द जुळवता येत नव्हते. मित्रासमोर ते वाक्य त्याने दहा वेळा उच्चारलं असतं, शिवीही जोडली असती. मी म्हटलं, जसं मला सांगितलंस तसं सांग. तो गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. मापं मात्र परत घेतली गेली.

यामागचं शास्त्र मला नंतर सापडलं. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९५४ मध्येच, म्हणजे शेरीफच्या शिबिराच्याच वर्षी, मांडलं होतं की वेगळ्या गटांतली माणसं नुसती जवळ आणून पूर्वग्रह जात नाहीत. दोघांचा दर्जा सारखा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागावी, आणि वरिष्ठांचा त्याला उघड पाठिंबा हवा. पुढे २००६ मध्ये थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर संपर्काने पूर्वग्रह कमी होतात हे सर्वसाधारणपणे खरं निघालं, आणि या अटी असतील तिथे परिणाम अधिक चांगला. अकरा टेबलांवरच्या अदलाबदलीने नकळत या चारही अटी पुऱ्या केल्या होत्या. वादविवाद स्पर्धेने एकही केली नव्हती.

इथवर वाचून कुणाला वाटेल, चला, जमलं. म्हणून पुढचं सांगणं भाग आहे.

दहाव्या की अकराव्या आठवड्यात आमच्या मुलांच्या मोबाइल-गटावरची एक यादी माझ्यापर्यंत आली. प्रात्यक्षिकाला येणाऱ्या मुलींची नावं आणि प्रत्येकीला दहापैकी गुण. कशाचे गुण ते सांगायला नको. यादीत सहा मुलांनी गुण भरले होते, आणि त्यातला एक तो शून्य त्रुटीवाला होता. दर आठवड्याला तिच्याबरोबर हसतखेळत काम करणारा मुलगा.

मी वर्गात जाऊन जे बोललो त्याची मला आज लाज वाटते. मी विचारलं, ‘तुमच्या घरी आया-बहिणी नाहीत का?’ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं वाक्य. मागच्या बाकावरून खसखस आली. बरोबरच होतं. त्या मुलीचा मान ती कुणाची तरी बहीण आहे म्हणून ठेवायचा? मग जी कुणाचीच कुणी नाही तिचं काय? ‘तुझ्या बहिणीला असं केलं तर’ म्हटलं की मुलाच्या डोक्यात बहीण ही त्याची वस्तू होते आणि बाकीच्या दुसऱ्यांच्या. घरी गेल्यावर माझ्या मुलीला ही हकीकत सांगितली. ती तेव्हा कॉलेजात होती. ती म्हणाली, ‘बाबा, आमच्या वर्गातली अशा शाळांमधून आलेली मुलं माझ्याशी बोलत नाहीत, माझ्याबद्दल बोलतात.’ आणि वर, ‘तुम्ही आज त्यांच्याशी माझ्याबद्दलच बोललात.’

दुसऱ्या दिवशी मुलींच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना भेटलो. माझी कल्पना होती की सहाही मुलांनी सगळ्यांसमोर माफी मागावी, मुलींनी मोठ्या मनाने ती द्यावी, आणि विषय मिटावा. बाईंनी ती तिथल्या तिथे मोडीत काढली. म्हणाल्या, ‘तुमच्या मुलांना हलकं वाटावं म्हणून माझ्या मुलींना पुन्हा उभं करायचं का?’ ठरलं ते असं: यादी सगळ्यांच्या फोनवरून पुसली जाईल, सहा जणांच्या पालकांना शाळेत बोलावलं जाईल, आणि माफी हवी की नको, हवी तर बोलून की लिहून, हे प्रत्येक मुलीला बाई एकटीला विचारतील.

दोघींनी चिठ्ठी चालेल म्हटलं. बऱ्याच जणींनी विषय नको म्हटलं. शून्य त्रुटीवाल्याच्या जोडीदाराने निरोप पाठवला की माफी नको, जोडीदार बदलून द्या. मी बदलून दिला. मुलगा हादरला. ‘सर, मी सॉरी म्हणायला तयार आहे. मग ती असं का करते?’ त्याचा हिशेब सरळ होता: सॉरी दिलं की माफी मिळायला हवी. मी त्याला सांगितलं, तिने नाही म्हटलं आहे आणि कारण सांगायला ती बांधील नाही. तो दोन आठवडे फुरंगटून होता. तिला वाटेत गाठून समजावू का, असंही विचारून गेला. मी नको म्हटलं. चुकलो तर कान धरा, पण त्या चौदा आठवड्यांत त्याला मिळालेला सगळ्यांत मोलाचा धडा मी हाच समजतो. मुलीच्या नकारापुढे काही न करता राहणं. ना विनवणी, ना राग, ना मित्रांकरवी निरोप.

आता व्याख्यानाविषयी. मी व्याख्यानांच्या विरुद्ध नाही, ‘वर्षातून एकदा’च्या विरुद्ध आहे. हरियाणातल्या ३१४ सरकारी शाळांत सातवीपासून दहावीपर्यंतच्या मुलामुलींबरोबर झालेला एक प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे वर्गात स्त्री-पुरुष समानतेवर चर्चा झाल्या त्या एक दिवस नव्हे, काही आठवड्यांच्या अंतराने अडीच वर्षं. मुलांची मतं बदलली, आणि मुलगे घरकामात अधिक हात लावू लागल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या १६ हायस्कुलांत झालेल्या अशाच एका प्रयोगात तर बाहेरचा वक्ता आणलाच नाही. खेळाच्या प्रशिक्षकांनाच तयार केलं, आणि त्यांनी हंगामभर दर आठवड्याला सरावाच्या वेळी मुलांशी दहा-पंधरा मिनिटं या विषयावर बोलायचं ठरलं. मित्र एखाद्या मुलीशी वाईट वागत असेल तर मध्ये पडण्याची मुलांची तयारी त्याने वाढली, असं २०१२ च्या निष्कर्षात आहे. प्रशिक्षकाचं ऐकतात, कारण संघात कोण खेळणार ते तो ठरवतो. पाहुण्या वक्त्याच्या हातात काय असतं? पुष्पगुच्छ.

आणि तोच प्रशिक्षक इतर सहा दिवस काय बोलतो? आमच्या मैदानावर धावताना मागे पडलेल्या मुलाला ‘मुलींसारखा काय धावतोस’ हे रोजचं होतं. रडणाऱ्याला ‘बांगड्या भर’. मीही प्रयोगशाळेत वेड्यावाकड्या आलेखाकडे बघून ‘रांगोळी काढलीस का रे’ म्हणायचो आणि वर्ग हसायचा. ज्या शाळेत मुली नाहीत तिथे ‘मुलगी’ हा शब्द मुख्यतः शिवी म्हणून वापरला जातो, हे माझ्या लक्षात यायला वीस वर्षं लागली. मुलगी समोर आल्यावर मुलाने तिला बरोबरीची कशी मानावी?

स्टाफरूमही पाहा. आमच्याकडे सात बाई होत्या. कार्यक्रम असला की सूत्रसंचालन, फुलं, पाहुण्यांचं स्वागत बाईंकडे. माइक, हिशेब आणि भाषण आमच्याकडे. आमची वादावादी झाली की एखादे सर बाईंचं वाक्य अर्ध्यात तोडून पुढे बोलत, आणि दारात वह्यांचा गठ्ठा घेऊन उभा असलेला वर्गप्रमुख ते सगळं बघत असे. अकरा टेबलांवर वही कुणाच्या हातात होती याचं मला उगीच आश्चर्य वाटलं. आमच्या बैठकांचं इतिवृत्तही बाईच लिहीत.

बालवाडीतल्या एका अभ्यासाचा उल्लेख करायचा मोह होतो. २०१० मध्ये लेसी हिलियार्ड आणि लिन लिबेन यांनी काही बालवर्गांच्या शिक्षिकांना दोन आठवडे ‘मुलांनो, मुलींनो’ असं म्हणायला, रांगा वेगळ्या लावायला सांगितलं. इतर वर्गांत ते टाळलं. दोन आठवडेच! पहिल्या वर्गांतली बाळं मुलगा-मुलगी यांच्याविषयी अधिक ठोकळेबाज बोलू लागली आणि एकमेकांशी कमी खेळू लागली. आमच्या शाळेत मुलं दहा वर्षं काढतात.

पालकांची एक शंका मला नेहमी ऐकावी लागते, आणि मुख्याध्यापकांचीही तीच: ‘उद्या काही प्रकरण झालं तर?’ होईलही. पंधराव्या वर्षी कुणाला कुणी आवडेल. सगळ्यांनाच मुली आवडतात असंही नाही, पण काम तर सगळ्यांनाच करायचं आहे. आकर्षण भिंत बांधून थांबत नाही. फोनमधून ते सगळं चालूच असतं, तिथे फरक एवढाच की जवळपास एकही मोठं माणूस नसतं. ती यादी प्रयोगशाळेत तयार झाली नव्हती. प्रयोगशाळेत मी फिरत होतो.

म्हणून पत्र लिहिणाऱ्या बाईंना माझं सुचवणं एवढंच: व्याख्यानाचा खर्च वाचवा आणि शेजारच्या मुलींच्या शाळेबरोबर दर आठवड्याचा एक तास मागा. वाद्यवृंद असो, विज्ञानप्रकल्प असो, भिंतीवरचं नियतकालिक असो. स्पर्धा नको, मुलगे विरुद्ध मुली तर नकोच. काम असं हवं की एकट्याने पुरं होणार नाही आणि फसलं तर दोघांचं फसेल. कोण काय करतं याची अदलाबदल शिक्षकाने करावी. मुलींच्या शाळेतल्या बाईंना निम्मे अधिकार द्यावेत, कारण आमच्यासारख्यांना जे दिसत नाही ते त्यांना दिसतं. आणि मुलींना आमची मुलं सुधारण्याचं काम देऊ नये. त्या लंबक मोजायला आलेल्या असतात.

छताची दुरुस्ती झाली आणि पंधराव्या आठवड्यापासून मुली त्यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. पुढच्या वर्षासाठी मी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला की आठवड्यातून एक प्रात्यक्षिक एकत्रच चालू ठेवावं. अर्जावर शेरा आला, ‘आता गरज उरलेली नाही.’ अर्ज माझ्याकडे अजून आहे. त्या वर्षीच्या काही निरीक्षणवह्याही आहेत. एका ओळीला एक अक्षर, पुढच्या ओळीला दुसरं.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक

(मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)